क्रॉस बदलला आणि थरथर सुरू झाली

प्रश्न: पिकअपमधून नारायणगावचा टोमॅटो वाशीला नेतो. मागच्या महिन्यात शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांना फिरवणारा लांब दांडा) क्रॉस, म्हणजे त्याच्या टोकाचा सांधा, बदलला, तेव्हापासून ६० च्या पुढं सीटखाली थरथर होते. मेकॅनिक म्हणतो टायर बघा. काय करू?

उत्तर: दादा, क्रॉस बदलल्यावरच सुरू झालं ना, मग आधी शाफ्टच बघा. परत बसवताना स्प्लाइनचा (शाफ्टचे दोन भाग एकमेकांत बसतात त्या दातांचा) एक दात जरी सरकला तरी दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत राहत नाहीत आन गाडी थरथरते, म्हणून खोलायच्या आधी खडूनं खूण करायची असते (किती जण करतात ते सोडा). मोकळ्या रस्त्यावर स्पीड तेवढाच ठेवून गिअर बदलून बघा, थरथर तशीच राहिली तर दोष इंजिन, क्लचचा नाही. मग चाकांना दगड लावून खाली शिरा, शाफ्टला मधे आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबर फाटलंय का तेही बघा.