पंपातलं औषध पांढरं झालं तर

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आम्ही तासगावचे. सासऱ्यांना, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, पोटाचा कॅन्सर आहे, ट्रीटमेंट मिरजेला झाली, आता घरीच ठेवलंय. सिरिंज पंपावर (कातडीखालच्या सुईतून हळूहळू औषध सोडणारं छोटं मशीन) दुखण्याचं मॉर्फिन, शांत ठेवणारं मिडाझोलम आणि मळमळीचं हॅलोपेरिडॉल एकत्र चालू आहे, सिस्टर रोज सकाळी भरून जातात. परवा अण्णांना फार मळमळायला लागलं म्हणून ओळखीच्या एकांनी डेक्साचं (डेक्सामेथासोन, स्टेरॉइड) इंजेक्शन त्यातच टाकलं तर सगळं पांढरं गढूळ झालं, आम्ही घाबरून पंप बंद केला. औषध स्वच्छ दिसलं म्हणजे चांगलं असं धरायचं का? आणि रविवारी सिस्टर येत नाहीत, तर शनिवारीच दोन सिरिंज भरून ठेवल्या तर चालतील का?

उत्तर : ताई, पंप बंद केलात ते एकदम बरोबर केलंत. मिडाझोलम अ‍ॅसिडिक पाण्यातच विरघळलेलं राहतं आणि डेक्सा पडलं अल्कलीच्या बाजूचं, दोन्ही एकत्र आली की मिडाझोलमची कणी धरते, तेच तुम्हाला पांढरं दिसलं. हॅलोपेरिडॉलचंही डेक्साशी जमत नाही. ही कणी नळीत अडकते, सुईची जागा लाल होते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे औषध पोचतच नाही, पेशंट कळवळत राहतो आणि घरच्यांना वाटतं डोस कमी पडतोय. तुमची मूळची तीन औषधं मात्र नेहमीच्या डोसला एकत्र नीट राहतात, त्यांची भीती बाळगू नका.

खरं तर डेक्सा पंपात घालायची गरजच नसते. त्याचा असर दिवसभर राहतो, सकाळी एकदा वेगळं दिलं की भागतं. सकाळीच, कारण रात्री दिलं तर झोप उडते. आणि मळमळ मॉर्फिनच्या बद्धकोष्ठतेनंही होते बरं का, शी कधी झाली होती ते डॉक्टरांना आधी सांगा. "दुखतंय ना, मग डायक्लोफिनॅक टाका त्यातच" असं कोणी म्हटलं तर स्पष्ट नाही म्हणा, केटोरोलॅक या दुसऱ्या दुखण्याच्या इंजेक्शनलाही नाही. डायझेपाम हे झोपेचं-शांत करणारं औषध तर कातडीखाली द्यायचंच नसतं, जागा खराब होते. अजून एक, हॅलोपेरिडॉलचं महिन्यातून एकदा द्यायचं तेलातलं इंजेक्शनही मिळतं, नाव जवळपास तेच, अँप्युलवर डेकॅनोएट लिहिलेलं असेल तर ते पंपात अजिबात नको.

आता स्वच्छ दिसण्याचं. गढूळ झालं म्हणजे बिघडलंच, पण स्वच्छ आहे म्हणजे चांगलं आहे असं नाही. काही औषधं डोळ्याला न दिसता मोडतात आणि ताकद जाते, ते लॅबमध्येच कळतं. म्हणून कुठलं मिश्रण कुठल्या प्रमाणात किती तास टिकतं याचे तक्ते असतात, नवीन काही घालायच्या आधी डॉक्टरांनी किंवा फार्मासिस्टनी ते बघायलाच हवेत. प्रमाणावर फार अवलंबून असतं, हॅलोपेरिडॉल सलाईनमध्ये दर मिलिला १ मिलिग्रॅमच्या वर गेलं की कणी धरू शकतं, तेच मोठ्या सिरिंजमध्ये पातळ केलं की राहतं. आणि सिरिंजमध्ये जमलं म्हणजे पोटात जमेल असंही नाही, मेटोक्लोप्रामाइड आतडी हलवतं, बस्कोपान आतडी थांबवतं, दोन्ही एकदम दिली तर एकमेकांच्या पायात पाय.

रविवारसाठी आधी भरून ठेवू नका. मिसळलेलं औषध भरल्यापासून २४ तासांत संपवायचं असाच नियम आहे, घरी भरलेल्यात जंतू वाढायचीही भीती असते. त्यापेक्षा सिस्टरकडून तुमच्यातल्या कोणीतरी भरायला शिकून घ्या, नाहीतर रविवारपुरतं कातडीखालच्या त्याच सुईतून ठरावीक तासांनी इंजेक्शन देता येईल का ते डॉक्टरांना विचारा, घरचे लोक हे शिकतात, अवघड नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खिडकीत केवढं ऊन येतं माहितीये ना, सिरिंज तिथं नको, पांघरुणात दाबूनही नको, वरून नुसता कापडाचा आडोसा करा.

परत कधी गढूळ दिसलं तर पंप थांबवा, फोटो काढा, सिरिंज टाकू नका, फोन करा. नवीन सिरिंज लावताना नळी आणि सुईसुद्धा बदलायला सांगा, जुनी कणी आत राहिलेली असते. आणि पंप बंद असताना अण्णांना दुखलं तर काय द्यायचं, किती द्यायचं, हे डॉक्टरांकडून आजच कागदावर लिहून घ्या.