दोन वर्षं झाली, उरली किती?

या वेळच्या टपालात अमेरिकेतल्या क्रिमिनल जस्टिसच्या शिक्षणाबद्दल बरीच पत्रं आहेत. पोलीस, न्यायालय आणि तुरुंग या तिन्ही यंत्रणांचा एकत्र अभ्यास म्हणजे हा विषय. तिथे कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांची असोसिएट डिग्री घेऊन पुढे विद्यापीठात बॅचलर, म्हणजे पूर्ण पदवी, घेता येते. प्रत्येक कोर्सचं वजन तिथे क्रेडिटमध्ये मोजतात. गाडी अडते ती या दोन टप्प्यांच्या सांध्यावर, म्हणून पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : माझी भाची न्यू जर्सीत असते, जन्मही तिथलाच. क्रिमिनल जस्टिसची असोसिएट डिग्री या मे महिन्यात पूर्ण होईल. "मामा, आता दोनच वर्षं राहिली," असं ती म्हणत होती. पण एका विद्यापीठाने तिची ६० क्रेडिट स्वीकारल्याचं कळवलं आणि त्याच पत्रात अजून अडीच वर्षं लागतील असंही लिहिलं. ताई आणि दाजी दोघंही गोंधळलेत. यात खरं काय?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : दोन्ही खरं आहे. क्रेडिट स्वीकारणं वेगळं आणि ती पदवीच्या हिशेबात धरणं वेगळं. बॅचलरला साधारण १२० क्रेडिट लागतात आणि असोसिएटला ६०, म्हणून निम्मं झालं असं वाटतं. पण ती १२० कप्प्याकप्प्यांत वाटलेली असतात: सामान्य शिक्षण, मुख्य विषय, वरच्या पातळीचे कोर्स आणि मोकळे ऐच्छिक विषय. आणलेलं क्रेडिट योग्य कप्प्यात बसलं नाही तर ते ऐच्छिकमध्ये जातं, आणि तो कप्पा भरला की वरचं सगळं सांडतं.

समजण्यापुरता एक हिशेब मांडतो. समजा ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या अधिकृत गुणपत्रकावर, ६३ क्रेडिट आहेत. त्यांतल्या एका ३ क्रेडिटच्या कोर्सला डी मिळाला आहे. सहसा सी किंवा त्याच्या वरचीच श्रेणी घेतात, म्हणून तो गळला. राहिली ६०. त्यांत सामान्य शिक्षणाची ३०, पण गणिताचा कोर्स बीजगणिताचा आणि विद्यापीठाला हवं संख्याशास्त्र. म्हणून बसली २७. मुख्य विषयाची १५, त्यांपैकी विषयाची ओळख, पोलीस व्यवस्था आणि तुरुंग व्यवस्था हे तीन कोर्स बसले, म्हणजे ९. फौजदारी कायदा आणि गुन्हे तपास हे दोन कोर्स विद्यापीठात तिसऱ्या वर्षाच्या पातळीवर शिकवतात आणि कम्युनिटी कॉलेजात पहिल्या-दुसऱ्या, त्यामुळे नाव तेच असूनही ही ६ ऐच्छिकमध्ये गेली. गणिताची ३, पोलीस प्रशिक्षणाच्या धर्तीचे हातकामाचे कोर्स १२, शारीरिक शिक्षण ३, हेही तिकडेच. ऐच्छिकमध्ये आली एकूण २४ आणि जागा होती १५. म्हणजे ९ वाया. कामाला आली २७, ९ आणि १५ मिळून ५१. राहिली ६९. एका सत्राला १५ धरली तर चार सत्रांत ६०च होतात, पाचवं सत्र लागणारच. तुम्हाला कळवलेली अडीच वर्षं अशीच कुठूनतरी आली आहेत.

हे तपासायला भाचीने विद्यापीठाकडून ट्रान्सफर क्रेडिटचा अहवाल मागवून तो ओळ न् ओळ वाचावा. तिच्या प्रत्येक कोर्ससमोर विद्यापीठाने आपला एक नंबर टाकलेला असतो. तिथे २०२ असा खरा नंबर असेल तर त्यांच्या त्याच कोर्सच्या बदली तो धरला. नंबराच्या जागी १एक्सएक्स किंवा २एक्सएक्स असं काही असेल तर क्रेडिट घेतलं, पण कुठल्याच ठरावीक कोर्सच्या बदली नाही. अशा ओळी आधी मोजायच्या. सोबत डिग्री ऑडिट मागायचं. कुठला कप्पा किती भरला ते त्यात दिसतं. फोनवर कुणी "सगळी क्रेडिट येतात हो" म्हणालं तर त्यावर एक डॉलरही भरू नये. ऑडिट लेखी हातात येऊ द्यावं.

दुसरी गोष्ट डिग्रीच्या नावाची. असोसिएट डिग्रीचे प्रकार असतात: ए.ए. आणि ए.एस. या पुढे शिकण्यासाठी आखलेल्या असतात, तर ए.ए.एस. थेट नोकरीसाठी. न्यू जर्सीत राज्यभराचा ट्रान्सफर करार आहे. ए.ए. किंवा ए.एस. पूर्ण करून त्याच राज्यातल्या सरकारी विद्यापीठात गेलं तर ती पहिली दोन वर्षं म्हणून धरली जाते. ए.ए.एस.ला हे संरक्षण नाही, आणि खासगी किंवा दुसऱ्या राज्यातलं विद्यापीठ या कराराने बांधलेलं नाही. भाचीचं पत्र कुठल्या विद्यापीठाचं आणि डिग्री कुठली, हे आधी पाहा. शिवाय ही सवलत डिग्री पूर्ण झालेल्यांना आहे. शेवटचा एक कोर्स सोडून घाईने पुढे जाणारी मुलं इथेच फसतात. तिला सांगा, मे महिन्यापर्यंत दम धर.

नुकसान भरून काढायला दोन वाटा आहेत. ऐच्छिकमध्ये ढकललेल्या कोर्सचा पूर्ण अभ्यासक्रम (आठवडेवार विषय, पुस्तकं, परीक्षा पद्धत) जोडून विभागाकडे फेरविचाराचा अर्ज करायचा. नुसतं कोर्सचं नाव पाठवलं की नकार ठरलेला. फौजदारी कायद्यासारख्या कोर्सला यातून कधी कधी बरोबरीचा नंबर मिळतो, पण वरच्या पातळीचं क्रेडिट मिळेल असं धरून चालू नका. दुसरी वाट म्हणजे संख्याशास्त्र याच उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात उरकून घेणं. तिथली फी बरीच कमी असते. मात्र तो कोर्स चालेल असं विद्यापीठाकडून आधी लिहून घ्यावं.

शेवटची किमान ३० क्रेडिट आमच्याकडेच करा, अशीही अट बऱ्याच विद्यापीठांत असते. त्यामुळे असा नेमका हवा असलेला कोर्स सोडून आणखी कोर्स कम्युनिटी कॉलेजात साठवून फायदा नाही.

कागदपत्रांत हमखास होणारी एक चूक: शेवटचे गुण चढायच्या आत ट्रान्सक्रिप्ट पाठवलं जातं. त्यावर पदवीचं नाव आणि ती दिल्याची तारीख छापून आल्यावरच अंतिम प्रत पाठवायची. ती ओळ नसेल तर विद्यापीठाच्या लेखी डिग्री झालेलीच नाही, मग करार कसा लागू होणार? आणि भाची जन्माने अमेरिकेची नागरिक असल्याने सरकारी मदतीच्या फाफसा अर्जात नव्या विद्यापीठाचं नाव घालायला हवं. पेल ग्रँट, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना मिळणारं सरकारी अनुदान, आयुष्यात १२ पूर्ण सत्रांपुरतीच मिळते. कम्युनिटी कॉलेजातली सत्रं त्यातून आधीच वजा झाली आहेत, हेही दाजींच्या कानावर घाला.

प्रश्न : मुलगा यंदा बारावी झाला. एका एजंटने दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज, मग दोन वर्षं विद्यापीठ आणि पुढे एफ.बी.आय. किंवा तिथल्या पोलिसांत नोकरी असा मार्ग सांगितला. शेत गहाण टाकून कर्ज काढायची तयारी आहे. करावं का?
— एक पालक, गडहिंग्लज

उत्तर : नोकरीच्या भरवशावर असेल तर करू नका. शेताला हात लावू नका.

एफ.बी.आय. ही अमेरिकेची केंद्रीय तपास यंत्रणा; तिच्या स्पेशल एजंटला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, ही पहिलीच अट. तिथल्या स्थानिक पोलिसांतही बहुतेक ठिकाणी नागरिकत्व किंवा निदान ग्रीन कार्ड मागतात. शिवाय पोलिसाला बंदूक बाळगावी लागते, आणि स्टुडंट व्हिसावरच्या माणसाने बंदूक बाळगायला तिथला केंद्रीय कायदाच सहसा मनाई करतो. म्हणजे मुलगा कितीही हुशार असला तरी पदवीच्या दुसऱ्या दिवशी ते दार त्याच्यासाठी उघडत नाही. ही गोष्ट एजंटने पहिल्या भेटीत सांगायला हवी होती.

शिक्षणानंतर काम करायची जी मुदत मिळते, ती ओ.पी.टी. या विषयात १२ महिन्यांची. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या मुलांना मिळणारी २४ महिन्यांची वाढ क्रिमिनल जस्टिसला नाही. १२ महिन्यांत कर्ज फिटत नाही.

आणि शिकलेलं इथे किती चालेल? तिथे घटनेची चौथी आणि सहावी दुरुस्ती, अटकेतल्या आरोपीच्या हक्कांचा मिरांडा खटला, राज्याराज्यांचे दंड कायदे शिकवतात. इथे १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम चालतात. एकच उदाहरण पाहा. बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा अमेरिकेत १९६१च्या मॅप खटल्यापासून राज्यांच्या न्यायालयांतही सहसा बाद होतो. आपल्याकडे १९७३च्या पूरणमल खटल्यापासून तत्त्व उलटं आहे: झडती बेकायदा होती एवढ्यावरून पुरावा बाद होत नाही. चार वर्षं जे मनात मुरवायचं, ते कोल्हापुरात कसबा बावड्याच्या कोर्टात पुन्हा पुसून काढावं लागेल.

हे सगळं समजून, पुढे संशोधन किंवा अध्यापनाच्या ओढीने जायचं असेल तर गोष्ट निराळी. मग तीन नियम लक्षात ठेवा. सत्राला किमान १२ क्रेडिट घ्यावीच लागतात. त्या १२मध्ये पूर्ण ऑनलाइन असा एकच कोर्स, ३ क्रेडिटपर्यंत, धरला जातो. बाकी वर्गात बसूनच. आणि कम्युनिटी कॉलेज संपायच्या आधीच विद्यापीठाचा प्रवेश घेऊन सेविस नोंद (परदेशी विद्यार्थ्यांची तिथली सरकारी नोंद) तिकडे वळवायची आणि नवा आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारा संस्थेचा दाखला, काढायचा. नोंद न वळवता मुलगा सुट्टीला गावी आला तर परतताना विमानतळावर अडचण येते.

प्रश्न : कायदा आणि गुन्हेगारीच्या पदवीला संख्याशास्त्र कशाला? मुलीला गणिताची धास्ती आहे.
— एक आई, जयसिंगपूर

उत्तर : गुन्हे वाढले की नुसती नोंदणी वाढली, शिक्षा भोगून सुटलेल्यांपैकी किती जण पुन्हा गुन्ह्याकडे वळतात, हे आकड्यांतूनच कळतं. म्हणून संख्याशास्त्र, त्यावर संशोधन पद्धती आणि त्यावर शेवटचा प्रकल्प अशी साखळी असते. पहिली कडी लांबणीवर टाकली तर शेवटची चौथ्या वर्षातही घेता येत नाही, आणि काही ठिकाणी संशोधन पद्धती वर्षातून एकाच सत्रात असते. धास्ती असली तरी पहिल्याच सत्रात घ्यावं, सोबत हलके विषय ठेवावेत. लागतं ते सरासरी, टक्केवारी, सहसंबंध इतपतच. दहावीचं गणित जमलं असेल तर हेही जमेल.

प्रश्न : मी पोलीस खात्यात आहे. मुलगी बी.ए.ची दोन वर्षं करून डिप्लोमा घेऊन बाहेर पडली. आता तिला गुन्हेगारीशास्त्राकडे जायचंय. ती दोन वर्षं वाया गेली का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नाही. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षाअखेर ४०, दुसऱ्या वर्षाअखेर ८० आणि पदवीला १२० क्रेडिट धरतात. डिप्लोमा घेऊन बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करावी लागते. आधी ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स या क्रेडिट जमा ठेवणाऱ्या सरकारी ऑनलाइन व्यवस्थेतल्या तिच्या खात्यात ८० क्रेडिट चढली आहेत का ते पाहा. नसतील तर आधीच्या कॉलेजात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. प्रवेशाच्या आठवड्यात हे काम होत नाही. तिसरं वर्ष शक्यतो त्याच विद्यापीठात, त्याच मुख्य विषयात करावं. विषय बदलला की राजारामपुरीच्या पत्रातलीच कप्प्यांची गोष्ट इथेही सुरू होते.

पदवीनंतर मात्र वाटा चांगल्या आहेत. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात गुन्हेगारी व न्याय ही शाखा आहे. तुरुंगातले कच्चे कैदी, बालन्याय अशा कामाची आवड असेल तर हीच वाट धरावी. फौजदार व्हायचं असेल तर एम.पी.एस.सी.ला कुठल्याही शाखेची पदवी चालते. वकिलीसाठी राज्याची सी.ई.टी. देऊन तीन वर्षांचं एलएल.बी.; खुल्या प्रवर्गाला पदवीत ४५ टक्के हवेत. ऑगस्ट २०२५पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागलं आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची फौजदारी अपिलं आता इथे चालतात. त्या कामासाठी मुंबईला खोली घेऊन राहायची गरज उरली नाही, आणि मुलींच्या बाबतीत हा फरक मोठा आहे.

फॉरेन्सिकचं म्हणाल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३)नुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं आवश्यक केलंय. ते लागू करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. त्यामुळे माणसं लागणार हे नक्की. पण प्रयोगशाळेच्या कामाला विज्ञान शाखा लागते, बी.ए.वरून तिकडे उडी मारता येत नाही. घरात धाकटं कुणी अकरावीत असेल तर त्याला आत्ताच सांगा: राष्ट्रीय फॉरेन्सिक विज्ञान विद्यापीठाचं गोव्याचं संकुल कोल्हापूरहून जवळ आहे, आणि राज्य सरकारच्या संस्था मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत.

प्रश्न : अमेरिकेतून क्रिमिनल जस्टिसची पदवी घेऊन परत आल्यास इथे एलएल.बी.ला प्रवेश मिळेल का?
— एक विद्यार्थी, कागल

उत्तर : समकक्षता प्रमाणपत्र, म्हणजे तिथली पदवी इथल्या पदवीच्या बरोबरीची असल्याचा दाखला, काढावं लागेल. २०२५च्या विनियमांनुसार ते काम विद्यापीठ अनुदान आयोग करतो. नुसती असोसिएट डिग्री इथे पदवी म्हणून चालत नाही, बॅचलर पूर्णच हवी. परदेशी विद्यापीठाच्या नावाने फ्रँचायझी पद्धतीने दिलेल्या पदव्यांना समकक्षता मिळत नाही, तेव्हा प्रवेश घेतानाच हे तपासा. निघण्यापूर्वी तिथून दोन्ही संस्थांची, म्हणजे कम्युनिटी कॉलेजचीही, सीलबंद ट्रान्सक्रिप्ट आणि प्रत्येक कोर्सचा अभ्यासक्रम घेऊन या. कागलमध्ये बसून तिकडच्या कार्यालयाकडून हे कागद मागवायचे तर महिने जातात, आणि तेवढ्यात सी.ई.टी.च्या प्रवेशफेऱ्या संपलेल्या असतात.