फी भरलीत, पण लेकीला विचारलंत का?

नमस्कार,
लेकीच्या नावानं एमपीएससीच्या क्लासची फी भरून टाकलीत आणि तिला अजून सांगितलंही नाहीत! पत्रभर तुम्ही तिच्या बी.एस्सी. बॉटनीच्या ६८ टक्क्यांची काळजी करता. मला या फीची वाटते. आजच तिला सांगा, पैसे परत मिळत असतील तर मागून घ्या. मनाविरुद्ध बसवलेला उमेदवार पूर्वपरीक्षेतच घुटमळतो आणि घरातलं बोलणं बंद होतं ते वेगळंच.

तिला एकाच कुळातल्या वनस्पतींच्या ‘उड्या मारणाऱ्या जीन्स’वर, म्हणजे डीएनएतल्या जागा बदलणाऱ्या तुकड्यांवर (ट्रान्सपोझॉनवर) काम करायचंय. तुम्ही विचारता, ‘कचरा डीएनएवर पोट भरतं का?’ तुमची दीड एकर थॉमसन द्राक्षं आहेत ना? त्यांचे घड हिरवे राहतात त्यामागे हाच ‘कचरा’ आहे. ग्रेट१ नावाचा असा एक तुकडा रंग चालू करणाऱ्या जीनच्या तोंडाशीच येऊन बसला, जीन बंद पडला. इटालिया या द्राक्षाच्या हिरव्या जातीत तो बराचसा निघून गेला आणि तांबडी रुबी ओकुयामा मिळाली. भाताचंही बघा. आपल्या भाताचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, सुमारे ३९ कोटी अक्षरांचा, ऑस्ट्रेलियातल्या त्याच्या रानटी भाऊबंदाचा सुमारे ९६ कोटींचा. हा फुगवटा मुख्यतः अशा तुकड्यांच्या तीनच घराण्यांनी स्वतःच्या प्रती काढून काढून केलाय.

आता लेकीसाठी. नुसती आवड पुरत नाही, हे काम बहुतेक संगणकावरचं आहे. १६ जीबी रॅमचा लिनक्स लॅपटॉप घे. अॅराबिडॉप्सिस या छोट्या रोपाच्या थालियाना आणि लायराटा या दोन जातींचे जीनोम एनसीबीआय या जनुकीय माहितीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. दोन्हींवर रिपीटमॉडेलर (असे तुकडे शोधून यादी करणारा प्रोग्रॅम) वेगवेगळा चालव. एकेकाला दिवस-दोन दिवस लागले तर घाबरू नकोस. मग दोन्ही याद्या एकत्र करून त्याच यादीनं दोघांवर रिपीटमास्कर (यादीतले तुकडे जीनोममध्ये हुडकणारा प्रोग्रॅम) चालव. नवखे एकाच जातीची यादी दुसरीवर लावतात. त्या दुसरीचे स्वतःचे तुकडे ओळखलेच जात नाहीत आणि भलताच फरक दिसतो. जीनोम छोट्या रीड्स (यंत्रानं वाचलेले डीएनएचे तुकडे) जोडून तयार केलेला असेल तर सारख्या प्रती एकात एक मिसळून संख्या कमी भरते, तेही तपास. एवढं करून कंटाळा आला, तर हा रस्ता तुझा नाही.

एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी, जॅम, गॅट-बी या परीक्षा. शिवाय शिवाजी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा.

आणि साहेब, ‘ट्रान्सपोझॉन पाहिजे’ अशी जाहिरात कधी येणार नाही. जीनोमचा डेटा हाताळणारा माणूस मात्र बियाणे कंपन्यांनाही लागतो. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या प्रकल्पांच्या जाहिराती दोघांनी मिळून वाचा, पात्रतेच्या रकान्यात काय मागतात ते बघा.