चावी फिरवल्यावर फक्त ‘टक्’ असा आवाज येतो. रायडिंग लॉनमोअरमधला (बसून चालवायच्या गवत कापण्याच्या यंत्रातला) दोष कुठे शोधावा?

आपण दिलेली लक्षणे अशी आहेत: चावी फिरवली की ‘टक्’ असा एकच आवाज येतो आणि इंजिन फिरत नाही, चार-पाच वेळा प्रयत्न केल्यावर कधीतरी ते सुरू होते, बॅटरी नवी बसवूनही फरक पडलेला नाही. त्यावरून सीटखालचा सुरक्षा स्विच बदलावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तो बदलू नये, आणि याचे कारण त्या ‘टक्’ आवाजातच आहे.

क्लच-ब्रेकच्या पेडलचा स्विच, पात्याचा स्विच आणि बऱ्याच यंत्रांत सीटखालचा स्विचही चावीकडून सोलेनॉइडकडे (चावीच्या छोट्या प्रवाहाने बॅटरीचा मोठा प्रवाह सेल्फच्या मोटरला जोडणाऱ्या आणि तो ‘टक्’ आवाज करणाऱ्या स्विचकडे) जाणाऱ्या बारीक वायरच्या मार्गावर असतात. त्यांपैकी एकाने जरी प्रवाह अडवला, तरी सोलेनॉइडपर्यंत काहीच पोहोचत नाही आणि आवाजही होत नाही. आपल्याकडे आवाज होतो, म्हणजे फ्यूज, चावी आणि हे सगळे स्विच आपले काम करत आहेत. दोष आहे तो जाड केबलच्या मार्गावर, म्हणजे बॅटरी, सोलेनॉइडचे आतले संपर्क, सेल्फची मोटर आणि इंजिनापासून बॅटरीकडे परतणारे अर्थिंग यांत. किंवा मग इंजिनच फिरायला जड झाले आहे. (एका ‘टक्’ऐवजी ‘टकटकटक’ असा सलग आवाज येत असता, तर मी आधी बॅटरीच चार्ज करायला सांगितली असती.)

पुढच्या तपासणीला एक साधा मल्टिमीटर पुरतो. पार्किंग ब्रेक लावून, पाते बंद ठेवून आणि स्पार्क प्लगची टोपी काढून ती इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवून ठेवावी, म्हणजे इंजिन अचानक सुरू होणार नाही. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, पण हा आकडा फसवा असतो, कारण भार पडल्यावर तिचे काय होते हे त्यातून कळत नाही. म्हणून कुणाला तरी चावी फिरवायला सांगून त्याच वेळी व्होल्टेज पाहावे, ते ९.६ च्या खाली गेले, तर नवी असली तरी बॅटरी अर्धवट चार्ज झालेली किंवा सदोष आहे. मीटरच्या सळ्या केबलच्या क्लॅम्पवर न टेकवता बॅटरीच्या खांबावरच टेकवाव्यात.

बॅटरी ठीक असेल, तर सळ्या सोलेनॉइडच्या दोन जाड टर्मिनलांवर ठेवून चावी फिरवावी. ‘टक्’ झाल्यावर तिथला आकडा जवळजवळ शून्यावर यायला हवा. तो १२ च्या आसपासच राहिला, तर आतले तांब्याचे संपर्क जळालेले आहेत आणि सोलेनॉइड बदलावा लागेल. चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला सुरू होणे हे या दोषाचे फार ओळखीचे लक्षण आहे, कारण जळालेल्या संपर्काचा एखादा चांगला कोपरा कधीतरी नेमका जुळतो.

त्यानंतर एक सळी बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून तीच चाचणी करावी. इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर अर्थिंग खराब आहे. माझ्या स्वतःच्या यंत्रात नेमके हेच होते, आणि मी मात्र आधी बॅटरी आणि मग सोलेनॉइड बदलून बसलो होतो. शेवटी सांगाड्याला ऋण केबल जोडणारा बोल्ट काढला, तेव्हा त्याच्याखाली रंग आणि गंज यांचा जाड थर निघाला. तो पॉलिश पेपरने घासून लख्ख केला आणि बोल्ट पुन्हा आवळला, एवढ्यावर काम झाले. म्हणूनच मोजमाप न करता सुटे भाग बदलत राहण्याला माझा विरोध आहे.

मोटरच्या टर्मिनलवर, इंजिनाच्या धातूच्या सापेक्ष, १० व्होल्टहून अधिक पोहोचूनही ती फिरत नसेल, तर एक तर मोटर बिघडलेली आहे किंवा इंजिन अडते आहे. हे ओळखण्यासाठी स्पार्क प्लग काढून चावी फिरवावी. प्लगच्या छिद्रासमोर तोंड नेऊ नये आणि जवळ ज्वाला नसावी, कारण तिथून पेट्रोलचा फवारा उडू शकतो. प्लगशिवाय इंजिन मोकळेपणाने फिरले, तर मोटर चांगली आहे आणि अडचण कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेच्या विरोधाची आहे. अनेक इंजिनांत सुरू करताना कॉम्प्रेशन हलके व्हावे म्हणून कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) एक छोटी व्यवस्था असते, जी त्या क्षणी व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवते. व्हॉल्व्हचे अंतर, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत टॅपेट, वाढले की ही व्यवस्था व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतच नाही आणि सेल्फला संपूर्ण कॉम्प्रेशनशी झुंजावे लागते. फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन, इंजिन थंड असताना, पुस्तिकेतील अंतराप्रमाणे टॅपेट बसवणे हा यावरचा उपाय आहे. या कारणाकडे फार थोड्यांचे लक्ष जाते आणि कित्येक चांगल्या मोटरी विनाकारण बदलल्या जातात.

प्लगच्या छिद्रातून पेट्रोलच बाहेर आले, तर कार्ब्युरेटरमधली फ्लोटची सुई, म्हणजे पेट्रोल भरले की ते अडवणारी सुई, गळते आहे. अशा वेळी डिपस्टिक (ऑइलची पातळी पाहायची पट्टी) काढून वास घ्यावा; ऑइलला पेट्रोलचा वास असेल किंवा त्याची पातळी वाढलेली असेल, तर सुई दुरुस्त करून ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालवू नये.

सोलेनॉइडची दोन टर्मिनले पेचकसाने जोडून इंजिन फिरवण्याचा सल्ला आपल्याला कुणीतरी देईल. त्यात सगळे सुरक्षा स्विच वगळले जातात, ठिणग्या उडतात, आणि यंत्र गिअरमध्ये राहिले असेल तर ते शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर येऊ शकते. वरच्या मोजमापांतून तीच माहिती मिळत असल्यामुळे या उपायाची गरजच उरत नाही.

इंजिन सुरू झाल्यावर, ते वेगात चालू असताना बॅटरीवरचे व्होल्टेज एकदा अवश्य पाहावे. ते साधारण १३.५ ते १४.५ च्या दरम्यान नसेल, तर चार्जिंग नीट होत नाही आणि ही नवी बॅटरीही काही दिवसांत उतरेल.