प्रोटेक्टचा दिवा का लागतो? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गणपती, नवरात्र आणि लग्नसराई जवळ आली की इंदूरहून येणाऱ्या पत्रांत पॉवर ॲम्पचे (स्पीकर वाजवणाऱ्या ॲम्प्लिफायरचे) प्रश्न वाढतात, आणि त्यांतले बहुतेक 'प्रोटेक्ट' या एकाच लाल दिव्याभोवती फिरतात; ॲम्पचे संरक्षण कामाला लागले की तो लागतो. उत्तरांआधी एक विनंती. दिवा लागला एवढेच कळवू नका, केव्हा लागला तेही कळवा. चालू करताक्षणी, ढोलाच्या ठोक्यावर, तासाभराने, की जनरेटरवर गेल्यावर? ही वेळ कळली की निम्मे निदान झालेले असते.

प्रश्न: मंडळाचा जुना ॲम्प चालू केल्यावर प्रोटेक्टचा दिवा विझतच नाही. कारागीर म्हणतो, आतला रिले काढून तारा थेट जोडून देतो, गणपती निघून जातील. तसे करावे का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर: अजिबात करू नका. तो रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, तुमचे स्पीकर वाचवतो आहे. आउटपुटचा एक ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की सप्लायचा पूर्ण डीसी (एकाच दिशेचा) व्होल्टेज स्पीकरच्या तारेवर येतो. सप्लाय अधिक-उणे 80 व्होल्टचा धरला आणि 8 ओहमच्या स्पीकरची कॉइल डीसीला 6 ओहमच्या आसपास, तर 13 अँपिअर, म्हणजे हजार वॅटहून जास्त शक्ती त्या कॉइलमध्ये शिरते. कोन पुढे-मागे हलत नसल्याने कॉइलला हवाही मिळत नाही. काही क्षणांत ती जळते आणि कागदी कोन पेटूही शकतो. मांडवात कापड किती असते ते तुम्हाला माहीत आहेच.

तपासणी अशी करा. ॲम्प बंद करून सगळ्या स्पीकरच्या तारा काढा आणि पुन्हा चालू करा. निरोगी ॲम्पचा दिवा दोन ते पाच सेकंदांत विझतो आणि रिलेचा टक असा आवाज येतो. तारा काढल्यावर दिवा विझत असेल तर दोष बाहेर आहे. मग प्रत्येक तार मल्टिमीटरने मोजा. 8 ओहमचा एक स्पीकर साडेपाच ते साडेसहा ओहम दाखवतो. एकाच्या खाली आकडा आला तर प्लगमधले सुटे तंतू एकमेकांना चिकटले आहेत का ते पाहा.

तारा काढूनही दिवा तसाच असेल तर दोष आत आहे, आणि पुढचे काम जाणत्यानेच करावे. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज उरतो. आधी 100 वॅटचा फिलामेंटचा बल्ब मेन्सच्या सिरीजमध्ये लावून ॲम्प चालू करावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर मोठा शॉर्ट नाही. लखलखीत राहिला तर आहे. ही खूण ट्रान्सफॉर्मरवाल्या ॲम्पची. स्विचिंग सप्लायचा ॲम्प बल्बवर नीट सुरूच होत नाही, त्यावरून निष्कर्ष काढू नका. नंतर रिलेच्या आधी, ॲम्पच्या बाजूला डीसी मोजावा. 50 मिलिव्होल्टच्या आत असेल तर ॲम्प ठीक आहे आणि रिलेचे सर्किटच बिघडले आहे. कित्येक व्होल्ट असतील तर आउटपुटचे ट्रान्झिस्टर गेले आहेत.

बदलताना फक्त मेलेला ट्रान्झिस्टर बदलून भागत नाही. त्या बाजूची पूर्ण रांग, तिचे ड्रायव्हर ट्रान्झिस्टर आणि 0.22 किंवा 0.33 ओहमचे एमिटर रेझिस्टर तपासून घ्या. शेजाऱ्यांनीही त्या धक्क्यात जास्त करंट सोसलेला असतो. आपल्याकडच्या ॲम्पमध्ये 2एससी5200 आणि 2एसए1943 ही जोडी फार आढळते. अस्सल नगाची मर्यादा 230 व्होल्ट, 15 अँपिअर आणि 150 वॅट. बाजारात नकली नग भरपूर आहेत, आत छोटी चिप आणि वर तोच नंबर. बेंचवर ते चालतात, विसर्जनाच्या दिवशी फुटतात. महाराणी रोडवर खरेदी करताना भावापेक्षा पक्के बिल आणि ओळखीचे दुकान पाहा. शेवटी बायस (आवाज नसतानाही आउटपुटच्या ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडा करंट) ॲम्पच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे लावून मगच स्पीकर जोडा.

रिले नवा घालतानाही एक गोष्ट पाहा. साधा रिले 30 व्होल्ट डीसीपुरता असतो. 80 व्होल्ट डीसीवर तो उघडला तरी टोकांमध्ये ठिणगी पेटत राहते आणि करंट तुटत नाही. म्हणून स्पीकर रिलेच्या मधल्या, हलणाऱ्या टोकाला जोडतात, ॲम्प एका बाजूला आणि दुसरी बाजू ग्राउंडला. रिले पडला की ठिणगी ग्राउंडकडे जाते, सप्लायचा फ्यूज उडतो आणि स्पीकर वाचतो. काही ॲम्पमध्ये हे काम ट्रायॅक (इलेक्ट्रॉनिक स्विच) करतो. तो आउटपुटच ग्राउंडला शॉर्ट करतो, त्यामुळे अशा ॲम्पचा फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज घालू नका.

प्रश्न: ॲम्पवर 'ब्रिज, 4 ओहम' असे लिहिले आहे. ब्रिजवर 8 ओहमचे चार सब (बेसचे स्पीकर) लावले. हळू आवाजात ठीक, पण ठोका वाढवला की आवाज तुटतो आणि दिवा लुकलुकतो.
— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर: 8 ओहमचे चार सब पॅरललमध्ये 2 ओहम होतात. ब्रिजमध्ये, म्हणजे दोन चॅनेल मिळून एकच भार चालवतात तेव्हा, प्रत्येक चॅनेलला त्याच्या निम्मा भार दिसतो, म्हणजे 1 ओहम. तुमचा ॲम्प ब्रिजला किमान 4 ओहम मागतो, अर्थात प्रत्येक चॅनेल 2 ओहमपर्यंत सोसतो. ठोक्यावर करंटची मर्यादा ओलांडली जाते आणि प्रोटेक्शन मध्ये पडते. ॲम्प आपले काम बरोबर करतो आहे. ब्रिजवर दोनच सब लावा, किंवा ब्रिज सोडून प्रत्येक चॅनेलवर दोन-दोन, 4 ओहमवर चालवा. दुसरा मार्ग आम्हाला जास्त पसंत आहे. ॲम्प थंड राहतो आणि एक चॅनेल गेला तरी निम्मे सब वाजतात.

ब्रिजची तार बहुतेक ॲम्पवर स्पीकॉनच्या (स्पीकरच्या गोल, फिरवून बसणाऱ्या प्लगच्या) 1 अधिक आणि 2 अधिक या टोकांवर येते, तरी मागच्या पट्टीवरची आकृती वाचूनच जोडा. ब्रिजमध्ये कोणतेच टोक ग्राउंड नसते. कित्येक क्लास डी ॲम्पमध्ये तर साध्या मोडमध्येही उणे टोक ग्राउंड नसते. दोन चॅनेलच्या उणे तारा एकत्र करण्याची जुनी सवय तिथे ॲम्प घालवते.

तारही बघा. अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची 30 मीटर लांब तार जाऊन-येऊन जवळपास अर्धा ओहम होते. 4 ओहमच्या भाराला मिळणारी शक्ती त्यामुळे सुमारे 20 टक्क्यांनी घटते. 4 चौरस मिलिमीटरची तार घेतली तर ही घट 13 टक्क्यांवर येते. त्याहून चांगले म्हणजे ॲम्पच सबच्या जवळ ठेवणे.

प्रश्न: मे महिन्यात मॅरेज गार्डनमध्ये दुपारी ॲम्प तासाभराने बंद पडतो आणि दहा मिनिटांनी आपोआप सुरू होतो.
— साउंड सर्व्हिस चालवणारा वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर: हे तापमानाचे संरक्षण. हीटसिंकवरचा थर्मल स्विच बहुधा 85–90 अंशांना उघडतो आणि थंड झाल्यावर मिटतो. मेमध्ये इंदूरची हवाच चाळिशीपार असते, तेव्हा हातात उरलेला फरक आधीच कमी.

एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. क्लास एबी ॲम्प पूर्ण आवाजात सर्वांत जास्त तापत नाही. साइन सिग्नलवर तो कमाल शक्तीच्या 40 टक्क्यांच्या आसपास सर्वाधिक उष्णता टाकतो. म्हणून 'जास्त वाजवलेच नाही तरी तापला' हे म्हणणे खरे असू शकते. भार 4 वरून 8 ओहम केलात तर उष्णता जवळपास निम्मी होते. उन्हाळ्यात हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

मग रॅक पाहा. काही ॲम्प पुढून हवा घेऊन मागे सोडतात, काही उलट. दोन्ही प्रकार एका रॅकमध्ये असतील तर एकाची गरम हवा दुसऱ्यात जाते. मागचे झाकण पूर्ण उघडे ठेवा आणि रॅकवर ताडपत्री घालू नका. फोमचा फिल्टर काढून साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळल्यावरच लावा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. मोकळी पाती अतिवेगाने फिरली की बेअरिंग खराब होते. एवढे करूनही एकाच चॅनेलचा दिवा लागत असेल तर त्या बाजूची थर्मल पेस्ट वाळली असेल किंवा बायस चढला असेल.

प्रश्न: रंगपंचमीच्या गेरमध्ये (रंगांच्या मिरवणुकीत) गाडीवरच्या ॲम्पवर गुलाल आणि थोडे पाणी गेले. चालू करून पाहावे का?
— एक वाचक, राजवाडा परिसर, इंदूर

उत्तर: नाही. गुलालातला स्टार्च ओल धरतो आणि बोर्डवर त्याची चिकट लपशी होते, ती करंट वाहते. प्लग काढून किमान दोन दिवस राहू द्या. झाकण उघडून कोरडा गुलाल मऊ ब्रशने काढा, चिकटलेला आयसोप्रोपिल अल्कोहोलने. हाय व्होल्टेजच्या भागाशी फुंकणी मारली तर पूड आणखी आत जाते. मग वरचा सिरीज बल्ब लावून पाहा. पुढच्या वर्षी ॲम्प बंद केबिनमध्ये, हवा आत घेण्याच्या जागी धुता येणारा जाड फिल्टर.

प्रश्न: ॲम्पमध्ये क्लिप लिमिटर चालू असतो, क्लिपचा दिवाही कधी लागत नाही. तरी 500 वॅटच्या सबच्या कॉइल जळतात. ॲम्प 8 ओहमला 1000 वॅटचा आहे.
— एक वाचक, टिळकनगर, इंदूर

उत्तर: क्लिप म्हणजे ॲम्पची मर्यादा संपून लहरीचे शिखर कापले जाणे; क्लिप लिमिटर ॲम्पला त्याच्या या छताशी थांबवतो. तुमच्या सबचे छत त्याच्या खूप खाली आहे, आणि ते ॲम्पला ठाऊक नाही.

आकडे पाहू. 8 ओहमवर 1000 वॅट म्हणजे 89 व्होल्ट आरएमएस (तापवण्याच्या दृष्टीने सरासरी), शिखरावर 126 व्होल्ट. क्लिपचा दिवा त्या 126 ला लागतो. सबचे एईएस (ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या चाचणीचे) 500 वॅट म्हणजे 63 व्होल्ट आरएमएस, आणि ती चाचणी दोन तास, 6 डेसिबल क्रेस्ट फॅक्टर (शिखर आणि सरासरी यांतला फरक) असलेल्या पिंक नॉइझवर, म्हणजे चाचणीच्या सलग खरखरीवर, होते. आजच्या डीजेच्या गाण्यांत बेस इतका दाबून भरलेला असतो की शिखर आणि सरासरी यांतला हा फरक कधी 3 डेसिबलवर येतो. तेव्हा शिखर 126 च्या आत असतानाच सबला 1000 वॅटच्या जवळ सतत शक्ती मिळते. दिवा लागत नाही आणि कॉइल भाजते. कॉइल 200 अंशांनी तापली की तिचा रोध जवळपास पावणेदोनपट होतो, आवाज बसतो, आणि चालवणारा मास्टर आणखी वर करतो. बहुतेक कॉइल इथेच जातात.

उपाय म्हणजे डीएसपीत (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणाऱ्या यंत्रात) दोन वेगळे लिमिटर. पीक लिमिटर 126 व्होल्टवर. आरएमएस लिमिटर 63 वर नव्हे, तर 3 डेसिबल खाली, 45 व्होल्टवर, कारण मिरवणूक दोन तासांत संपत नाही. सबसाठी पीक लिमिटरचा अटॅक (आवर घालायला लागणारा वेळ) 16 मिलिसेकंदांच्या आसपास, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) त्याच्या 16 पट. आरएमएसचा अटॅक सेकंदाच्या घरात. डीएसपी ॲम्पच्या बाहेर असेल तर या व्होल्टला ॲम्पच्या गेनने (तो इनपुट किती पट वाढवतो त्याने) भागा. गेन 32 डेसिबल असेल तर तो 40 पट, म्हणून 45 व्होल्टसाठी इनपुटला 1.1 व्होल्ट. ॲम्पचा नॉब हलला की हा हिशेब मोडतो. नॉब एकदा ठरवून त्यावर पट्टी लावा. नॉब निम्म्यावर ठेवला म्हणजे शक्ती निम्मी होते हा समज चुकीचा आहे. मिक्सर वर केला की ॲम्प पूर्णच देतो. आणि बॉक्स ज्या वारंवारतेला ट्यून केला आहे तिच्या थोडे खाली हाय पास फिल्टर लावा. त्याच्या खाली कोन मोकळा सुटतो आणि आवाज मात्र मिळत नाही.

प्रश्न: झांकीच्या (चित्ररथांच्या मिरवणुकीच्या) रात्री जनरेटरवर तीन ॲम्प एकदम गेले. ओव्हरव्होल्टेज प्रोटेक्शन असूनही असे कसे?
— एक वाचक, परदेशीपुरा, इंदूर

उत्तर: तीन एकदम गेले म्हणजे पहिला संशय सुटलेल्या न्यूट्रलवर. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल तुटला की कमी भाराच्या फेजवर 230 ऐवजी 400 व्होल्टपर्यंत चढू शकतात. ॲम्पमधला 275 व्होल्टचा व्हॅरिस्टर (जास्तीचा व्होल्टेज स्वतःत जिरवणारा भाग) क्षणिक उसळीसाठी असतो. सतत 350 व्होल्ट आले की तो स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो; फ्यूज मोठा घातलेला असेल तर मागचे कपॅसिटर जातात.

न्यूट्रलची तार फेजपेक्षा बारीक कधीच नको. ॲम्पचा रेक्टिफायर करंट फक्त लहरीच्या शिखरावर ओढतो, त्यातले तिसरे हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या तिप्पट वारंवारतेचा करंट) तिन्ही फेजचे मिळून न्यूट्रलमध्ये जमा होते. म्हणून समान भारातही न्यूट्रल तापतो, त्याचा स्क्रू ढिला पडतो. डिस्ट्रिब्यूशन बोर्डात वर 260 आणि खाली 180 व्होल्टला तोडणारा, उशिराने जोडणारा रिले बसवा. वीजमंडळ आणि जनरेटर यांच्यामधला चेंजओव्हर चार पोलचा घ्या. ॲम्प लावण्याआधी प्रत्येक सॉकेटवर फेज-न्यूट्रल आणि न्यूट्रल-अर्थ मोजा. दुसरा आकडा एक-दोन व्होल्टच्या वर असेल तर जोडणी तपासा. हम येतो म्हणून प्लगची अर्थची पिन काढण्याची पद्धत माणूस मारते. हम सिग्नलच्या तारेत, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरने किंवा ग्राउंड लिफ्टने काढा.

प्रश्न: रॅकचा मेन स्विच टाकला की एमसीबी पडतो, एकेक ॲम्प चालू केला तर पडत नाही.
— एक वाचक, इंदूर

उत्तर: टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर आणि रिकामे कपॅसिटर पहिल्या क्षणी मोठा करंट ओढतात. चांगल्या ॲम्पमध्ये सॉफ्ट स्टार्ट असतो: 22–33 ओहमचा जाड रेझिस्टर, जो सेकंदाभराने रिले बायपास करतो. चार ॲम्प एकदम टाकू नका, दोन सेकंदांच्या अंतराने टाका किंवा सिक्वेन्सर लावा. सी प्रकारचा एमसीबी चालेल, अँपिअर मात्र तारेच्या क्षमतेपेक्षा वाढवू नका. ॲम्प चालू होतो, पण आवाज वाढवताच बसतो आणि जळका वास येतो, असे असेल तर बायपासचा रिले मिटत नाही. लगेच बंद करा.

प्रश्न: नेटवर्कवर देखरेख करणारा ॲम्प छोट्या सभागृहासाठी घ्यावा का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर: ॲम्प खोलीत आणि स्पीकर छतावर असतील तर घ्या. असे ॲम्प तापमान, मेन्सचा व्होल्टेज आणि प्रत्येक लाइनचा इम्पिडन्स (ॲम्पला दिसणारा ओहममधला भार) दाखवतात. काही तर ऐकू न येणारा, 20 किलोहर्ट्झच्या आसपासचा पायलट टोन सोडून कार्यक्रम नसतानाही तार तुटली आहे का ते तपासतात. बसवल्याच्या दिवशी प्रत्येक लाइनचा इम्पिडन्स लिहून ठेवा. 8 ओहमच्या चार पॅरलल स्पीकरच्या लाइनचा आकडा 2 वरून 2.7 ओहमवर गेला, तर एक स्पीकर बंद पडला आहे. मिरवणुकीच्या भाड्याच्या कामात मात्र तोच पैसा जाड न्यूट्रल, व्होल्टेज रिले आणि नीट लावलेल्या लिमिटरवर घाला.