भंडाऱ्याच्या डागाला साबण नको, आणि थिनर तर नकोच नको

दादा, तुमचं वाचून अंगावर काटा आला. पौर्णिमेला सौंदत्तीहून परत येताना आईच्या ओटीतला भंडारा मागच्या बिस्किट रंगाच्या लेदर सीटवर सांडला, भावाने ओला रुमाल फिरवला, पिवळा पट्टा पसरला, आता सर्व्हिस सेंटरला गाडी टाकू का, असं विचारलंय तुम्ही. टाकू नका. निदान माझं ऐकेपर्यंत तरी नको.

दोन वर्षांपूर्वी आमचं असंच झालं. रात्री दहाला अनगोळला घरी पोचलो. मी शहाणा, धुण्याच्या पावडरीचा फेस केला, जुना टूथब्रश घेतला आणि घासत बसलो. डाग जायचा सोडून तांबडा झाला, सीटवर कुणी पान खाऊन थुंकल्यागत. बायको ओरडायला लागली. आई तेवढी शांत. म्हणाली, "हळदीत चुना घातल्यावर कुंकूच होणार की!"

कारण तेच. हळदीतलं कुरकुमिन अल्कधर्मी वस्तू लागली की तांबडं होतं, मग तो चुना असो, कपड्याचा साबण असो नाहीतर खायचा सोडा. खोटं वाटत असेल तर बशीत चिमूटभर भंडारा घ्या आणि वर साबणाचं पाणी सोडा. त्या वेळी पाणी घालून पातळ केलेलं व्हिनेगर फडक्याने टिपलं असतं तर तांबडं पुन्हा पिवळं झालं असतं. हे नंतर कळलं. त्या रात्री घाबरलो आणि सकाळी उठून गाडी नेली.

कुठं नेली ते सांगत नाही, उगाच वाद नको. सुपरवायझर म्हणाला, "दोन मिनिटांचं काम सर, टेन्शन घेऊ नका." मी चहाला गेलो. माझी सगळ्यात मोठी चूक ती. परत आलो तर थिनरचा वास गेटपर्यंत. पोरगा जोर लावून पुसतोय, फडक्यावर रंग उतरतोय, मी मनात खूश. जवळ जाऊन बघितलं तर फडक्यावरचा रंग पिवळा नव्हताच, बिस्किट होता. म्हणजे डाग जागेवर आणि सीटच निघून येत होती! गाडीच्या लेदरवर रंगाचा थर असतो, त्यावर पारदर्शक पॉलियुरेथेनचा. आपला हात लागतो तो ह्या वरच्या थराला. थिनरने दोन्ही गेले आणि तळहाताएवढं रखरखीत कातडं उघडं पडलं.

पुढचं तर विचारूच नका. जॉब कार्डावर यांनी काय लिहावं? 'ग्राहकाच्या आग्रहावरून डाग काढला.' मी कधी आग्रह केला? तीन हेलपाटे घातले, तिन्ही वेळा मॅनेजर रजेवर. वॉरंटीत बसत नाही म्हणे. शेवटी एका कुशनवाल्याकडून तेवढं पॅनल बदललं. साडेसहा हजार गेले आणि रंग अजून जुळत नाही.

गंमत अशी, की थोडा भंडारा पाठीच्या भागावरही उडाला होता. त्याला मी साबण लावला नव्हता आणि त्या पोराचंही तिकडं लक्ष गेलं नव्हतं. तो डाग तीन-चार आठवड्यांत आपोआप गेला. ऊन! हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. पांढऱ्या शर्टावरचा आमटीचा डाग दोरीवर वाळता वाळता फिका होतो, तसंच हे.

म्हणून माझं मत (मी तज्ज्ञ नव्हे, पोळलेला माणूस आहे): आधी शिवणीत अडकलेली कोरडी पूड मऊ ब्रशने आणि व्हॅक्युमने काढा. मग पीएच न्यूट्रल लिहिलेला लेदर क्लीनर घ्या, तो सीटवर न ओतता फडक्यावर घ्या आणि घासू नका, टिपा. आधी सीटखाली न दिसणाऱ्या जागी लावून बघा. एवढं करून जे राहील ते उन्हावर सोडा. डिसेंबरचं सकाळचं ऊन तासभर, दार उघडं ठेवून. मे महिन्यात हे सांगितलं नसतं, कातडं तापून कडक होतं. भंडाऱ्यात वरून रंग मिसळलेला असेल तर मात्र ऊन किती काम करेल याची हमी माझ्याकडे नाही.

आमचे बाबा म्हणत होते, एरंडेल चोळ, चपलेला लावतो तसं. कोल्हापुरी पायताणाला ते चालतं, त्याच्यावर असला थर नसतो, कातडं तेल पितं. सीटवर तेल नुसतं वर बसतं, त्यात धूळ चिकटते. खानापूर रोडची तांबडी माती एकदा चिकटली की झालंच.

हो, आणि सीटला बारीक छिद्रं असतील तर ओलं काहीच लावू नका. भंडारा आत फोमात जाऊन बसतो. तसं असेल तर आधी कळवा, त्याचं वेगळं सांगतो.