पेन कुठे अडतो ते बघ

प्रिय विद्यार्थिमित्रा,
अनेक आशीर्वाद.

कमी ऊर्जेत भागणाऱ्या इमारतीवरच्या तुझ्या संशोधनाचा आराखडा वाचला. खिडक्यांवर उन्हाप्रमाणे फिरणाऱ्या झडपा, रंग बदलणारी काच, त्यावर संगणकाचा ताबा. बचतीचा आकडाही भरघोस काढला आहेस. पण तो सिम्युलेशनमधला, म्हणजे संगणकातल्या आभासी इमारतीचा आहे. त्यातली माणसं खिडक्या उघड्या टाकून जात नाहीत, गवंडी घाईत नसतो आणि चौकट भिंतीला चपखल बसलेली असते.

यावरून रेजायना शहरातलं एक घर आठवलं. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात १९७७ साली ते बांधलं. सरकारी संशोधकांबरोबर तिथल्या विद्यापीठातली मंडळीही त्या कामात होती. सगळ्यात महाग होती ती सौर उष्णतेची यंत्रणा. ती काही नीट चालेना, पुढे काढूनच टाकली. घर उबदार राहिलं ते जाडजूड इन्सुलेशन (ऊब अडवणारा थर), बुजवलेल्या फटी आणि बाहेर जाणाऱ्या हवेतली ऊब आत येणाऱ्या ताज्या हवेला देणारा हीट एक्स्चेंजर यांच्या जोरावर. फटी बुजवण्याचं काम फोटोत दिसत नाही, म्हणून प्रकल्प निवडताना कुणाला आठवतही नाही!

जर्मनीतल्या वोल्फगांग फाइस्ट यांनी स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या बो आडामसन यांच्याबरोबर हाच विचार पुढे नेला. त्यातून जर्मनीतल्या डार्मस्टाट शहरात पहिलं ‘पॅसिव्ह हाउस’, म्हणजे अगदी थोड्या ऊर्जेत उबदार राहणारं घर, उभं राहिलं. १९९१ मध्ये चार कुटुंबं तिथे राहायला आली, त्यात फाइस्ट स्वतःही होते. संशोधकानेच त्या घरात हिवाळे काढायचे, हे मला फार आवडतं. पुढे या पद्धतीची मापं ठरली. घर उबदार ठेवायला वर्षाला दर चौरस मीटरमागे १५ युनिट ऊर्जा, त्याहून जास्त नाही. दारात पंखा बसवून ५० पास्कल दाबाचा फरक निर्माण करायचा आणि तासाभरात घरातली हवा कितीदा बदलते ते मोजायचं, घरातल्या एकूण हवेच्या ०.६ पटीच्या वर गेली की घर नापास.

उष्ण हवामानात हिशेब वेगळा, तिथे ऊन काचेपर्यंत पोचूच द्यायचं नसतं. त्यामुळे तुझ्या झडपा अगदीच टाकाऊ नाहीत. फक्त आधी साधी, न हलणारी सावली करून बघ. तिने जे काम होतं, त्यासाठी मोटर कशाला?

आणि मोजणीचे पैसे आराखड्यात आजच लिहून ठेव, मागाहून ते मिळत नाहीत. माझ्या पहिल्या प्रकल्पात तापमापक मी भर उन्हात लावला होता. महिनाभराच्या नोंदी केराच्या टोपलीत गेल्या. तो महिना आराखड्यात धरलेला नव्हता, मग शेवटच्या टप्प्याला कात्री लागली.

पुढच्या आठवड्यात येताना इमारतीचं छेदचित्र, म्हणजे ती उभी कापल्यावर दिसेल तसं चित्र, घेऊन ये. त्यावर हवाबंद थराची रेघ पायापासून छपरापर्यंत आणि परत पायापर्यंत, पेन न उचलता ओढायची. पेन जिथे अडेल तिथे फट राहणार, तिथून बोलायला सुरुवात करू.

तुझा,
सर